खुब्याचं ऑपरेशन आणि अक्काच्या घरचा मुक्काम

"तुमचा गुडघा चांगला आहे," डॉक्टर म्हणाले.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. दोन वर्षं मी त्या डाव्या गुडघ्याला तेल चोळत होते. पट्टा बांधला, गरम विटेनं शेकला, करमाडच्या मेडिकलमधल्या मलमाच्या नळ्या एकामागून एक संपवल्या. आणि शहरात गारखेड्याच्या त्या हॉस्पिटलात बसून डॉक्टर मला शांतपणे सांगत होते की गुडघ्यात काहीच बिघाड नाही.

त्यांनी कंबरेचा एक्स-रे उजेडाच्या काचेवर लावला. "ही तुमची उजवी बाजू. खुब्याचा गोळा कसा गरगरीत आहे बघा. आता डावी बघा." डावीकडचा गोळा एका अंगानं चेपला होता. पाय पडलेल्या लाडवासारखा दिसत होता.

"याला एव्हीएन म्हणतात. अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. मांडीच्या हाडाचं वरचं डोकं खुब्याच्या वाटीत फिरतं. त्या डोक्याचा रक्तपुरवठा बंद पडला की हाड मरतं आणि खचत जातं. बिघाड खुब्यात आहे, पण तिथल्या नसा गुडघ्यापर्यंत जातात, म्हणून कळ गुडघ्यात येते."

"गोळ्यांनी बरं होईल ना?" माझ्या यजमानांनी विचारलं.

"आता नाही. सांधा बदलावा लागेल."

हे मी मुद्दाम पहिल्यांदा सांगते आहे. तुमच्या घरात कुणी गुडघा धरून बसत असेल, पण गुडघ्याला सूज नसेल, मांडी घालता येत नसेल, जांघेत दुखत असेल, तर डॉक्टरांना खुबासुद्धा बघायला सांगा. माझी दोन वर्षं तेलात गेली.

आमचं घर करमाडच्या पुढं, शेतात. सासऱ्यांच्या काळी मेंढरं होती. आता शेळ्या आहेत आणि थोडी मोसंबीची बाग. मुलगा गणेश शेंद्र्याच्या कंपनीत आहे, तो आणि सूनबाई प्रियांका शहरात पुंडलिकनगरला भाड्यानं राहतात. मुलगी सविता पुण्याला दिलेली. गावात शेळ्या माझ्याकडं. धार काढायची ती उकिडवं बसून, शेण-लेंड्या काढायच्या त्या वाकून, भाकरी थापायच्या त्या जमिनीवर बसून. डॉक्टरांनी ऑपरेशननंतर काय काय करायचं नाही ते सांगितलं, तेव्हा मला वाटलं, हा माणूस माझा दिवसच काढून घेतोय.

उकिडवं बसायचं नाही. मांडी घालायची नाही. पायावर पाय टाकायचा नाही. जमिनीवर बसायचं नाही. गुडघा कंबरेच्या वर जाईल असं वाकायचं नाही. संडास कमोडचाच वापरायचा. नाही ऐकलं तर डिसलोकेशन, म्हणजे नवा गोळा वाटीतून निसटतो.

"मग मी करू काय?" मी विचारलं.

"चाला," डॉक्टर म्हणाले. "भरपूर चाला. त्यासाठीच तर करतोय हे."

ऑपरेशनचं नाव टोटल हिप रिप्लेसमेंट. खुब्याचा खराब गोळा काढायचा, मांडीच्या हाडात धातूचा दांडा बसवायचा, त्यावर नवा गोळा, आणि कंबरेत नवी वाटी. सरकारी योजनेत ते बसलं. कागदपत्रं गणेशनं केली, मला त्यातलं काही कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

मग तपासण्या. रक्त, साखर, छातीचा एक्स-रे, ईसीजी, टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. दात किडलेत का तेही बघितलं. मी म्हणाले, खुब्याचा आणि दाताचा काय संबंध? तिथली सिस्टर म्हणाली, शरीरात कुठंही जंतू असले तर ते नव्या सांध्यात जाऊन बसतात. सविता रजा काढून पुण्याहून आली. माझी पिशवी भरली. आणि आदल्या दिवशी लघवीच्या तपासणीत इन्फेक्शन निघालं. ऑपरेशन पुढं ढकललं.

औषधाचा कोर्स होईपर्यंत सविताची रजा संपली. ती रडत परत गेली. प्रियांकाचे दिवस भरत आले होते, तिला दवाखान्यात उभं करणं शक्य नव्हतं. आणि बायकांच्या वॉर्डात पुरुष माणसाला मुक्कामाला परवानगी नाही. यजमान म्हणाले, "बघू काहीतरी." त्यांचं 'बघू काहीतरी' मी तीस वर्षं ऐकते आहे.

आता अक्काबद्दल सांगते, कारण तिच्याशिवाय हे पुरं होत नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तिचं घर आमच्या घरासमोर, अंगण एकच. वाटणी झाली तेव्हा बोअरच्या पाण्याच्या पाळीवरून बोलाचाली झाली आणि आम्ही दोघींनी तोंड बंद केलं ते चार वर्षं. भाऊ भाऊ बोलायचे. आम्ही नाही. तिची कोंबडी माझ्या ओट्यावर आली तर मी कोंबडीशी बोलायचे, अक्काशी नाही.

भरती व्हायच्या दिवशी मी खाटेवर बसले होते. यजमान बाहेर कुणाकुणाला फोन लावत होते. तेवढ्यात वॉर्डाच्या दारातून अक्का आली. नऊवारी खोचलेली, हातात कापडी पिशवी, काखेत उशी. तिनं पिशवी खाटेखाली सरकवली, स्टूल ओढलं आणि बसली. माझ्याकडं बघितलं नाही.

"सिस्टर," ती म्हणाली, "हिनं सकाळपासून काय खाल्लंय का, इचारा."

सिस्टर केरळची नव्हे, जालन्याची होती, तिला मराठी चांगलं कळत होतं. ती म्हणाली, "मावशी, पेशंट तर तुमच्यासमोरच आहे."

"तुमी इचारा."

मी म्हणाले, "सिस्टर, त्यांना सांगा, मला उपाशी राहायला सांगितलंय."

"सिस्टर, तिला म्हनावं, पाणी तरी प्यायचं का?"

"सिस्टर, त्यांना म्हणावं, पाणीसुद्धा नाही."

सिस्टर सलाईनची बाटली हातात धरून एकदा अक्काकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिली. शेजारच्या खाटेवरची म्हातारी तोंडाला पदर लावून हसायला लागली. तिलाही खुब्याचंच होतं, हसताना दुखत होतं, तरी हसत होती.

ऑपरेशनला मला पूर्ण भूल दिली नाही. स्पायनल ॲनेस्थेशिया, म्हणजे पाठीत मणक्याशी सुई देऊन कंबरेखालचा भाग बधिर करतात. सुई टोचताना मुंगी चावल्यासारखं झालं, मग पाय गरम झाले, मग पाय कुठं गेले तेच कळेना. समोर हिरवा पडदा. पलीकडून ठोकल्याचे आवाज यायला लागले. भीती वाटू नये म्हणून आधीच सांगते: हे आवाज येतात. दुखत मात्र काही नाही. गोठ्याला नवी मेढ ठोकताना येतो तसा ठणठण आवाज, आणि ती मेढ आपणच.

भूल देणाऱ्या मॅडम माझ्या डोक्याशी होत्या. "मावशी, घरी काय काय आहे?"

"शेळ्या हायेत."

"नावं ठेवलीत का त्यांची?"

मी सांगायला लागले. चंद्री, मोरी, ढवळी, बांडी. बांडीची पाठ, तिची आई, ती कुणाशी भांडते, कोण पान्हा चोरते. पडद्याच्या पलीकडून डॉक्टरांचा आवाज आला, "मोरीचं पुढं काय झालं?" सांगता सांगता मला झोप लागली. जागी झाले तेव्हा दोन मांड्यांच्या मधी जाड उशी होती आणि पायांपाशी अक्का उभी होती.

"सिस्टर," ती म्हणाली, "ती उठली."

ती उशी महत्त्वाची. पाय एकमेकांवर जाऊ नयेत म्हणून असते. कुशीवर वळतानासुद्धा ती काढायची नाही. अक्कानं हे एकदा ऐकलं आणि हवालदारासारखी पहारा द्यायला लागली. उशी बोटभर सरकली तरी सिस्टरला हाक.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपीची मुलगी आली, निलोफर. फिजिओथेरपी म्हणजे व्यायामाचे उपचार. बारीकशी, चष्मा लावलेली, हसरी. "चलो खाला, आज खडे रहना है."

"आजच?" मी म्हणाले. "काल तर कापलंय."

"कल काटा, आज चलना. नया सांधा है, बैठके क्या करेगा?"

तिनं वॉकर पुढं ठेवला. वॉकर म्हणजे चार पायांचा हलका घोडा, त्याला धरून चालायचं. आधी वॉकर पुढं, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. मी खाटेच्या कडेला आले. उभी राहिले. पाय माझा वाटत नव्हता, पण त्यानं मला धरलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या जांघेत ती जुनी कळ आली नाही. टाके दुखत होते, ते वेगळं दुखणं. मला हे अक्काला सांगावंसं वाटलं आणि तेवढ्यात भिंत माझ्याकडं झुकली.

रक्तदाब उतरला होता. पडून राहिलेल्या माणसाला पहिल्यांदा उभं केलं की असं होतं, हे नंतर कळलं. तेव्हा फक्त अंधार दिसत होता आणि कुणीतरी मला बगलेतून घट्ट धरलं होतं. निलोफर एका बाजूला. दुसऱ्या बाजूला कुडाचं दार टेकवावं तसं मला छातीला टेकवून अक्का.

"शोभे," ती म्हणत होती. "शोभे, माझ्याकडं बघ. डोळे मिटू नको. बघ माझ्याकडं."

मी बघितलं. त्यांनी मला खाटेवर आडवं केलं, पाय उंच केले. थोड्या वेळानं छतावरचा पंखा जागेवर आला.

"अक्का, चक्कर आली," मी म्हणाले.

"दिसलं की मला," ती म्हणाली. मग पदरानं माझं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "चार सालानं तोंड उघडलं, तर बोलली काय, म्हणं चक्कर आली."

शेजारची म्हातारी म्हणाली, "बरं झालं बाई. त्या सिस्टरला आता दुसरी कामं करता येतील."

दुपारी निलोफर परत आली. तेव्हा मी दारापर्यंत गेले आणि परत आले. पुढं जिना चढायला शिकवला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. अक्का हे पाठ करून माझ्यामागून म्हणत चालायची.

घरी सोडायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "घरी कमोड आहे ना?"

यजमान माझ्याकडं बघायला लागले. सुईच्या टोकापासून सलाईनपर्यंत आम्ही सगळ्याचा विचार केला होता, आणि डॉक्टरांनी आधीच बजावूनसुद्धा घरचा संडास भारतीय पद्धतीचा आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कमोडची खुर्ची विकत मिळते, ती आणता आली असती. पण अक्का म्हणाली, "माझ्याकडं हाय. सासूबाईंसाठी बसवला व्हता."

"चालू आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"कांदे काढले की चालू."

खरंच सांगते, सासूबाई गेल्यापासून त्या खोलीत कांदे ठेवले होते. झाकण बंद करून त्यावर पाटी, पाटीत कांदे. अक्काचा मुलगा, माझा पुतण्या, गवंडीकाम करतो, त्यानं एका दिवसात खोली धुतली, भिंतीला धरायला नळी बसवली, नळ दुरुस्त केला. अशा रीतीनं चार वर्षं ज्या उंबऱ्यात मी पाऊल टाकलं नव्हतं, तिथं मी वॉकर घेऊन गेले. आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय.

अक्काच्या घरी मला उंच खाट, उंच खुर्ची आणि सक्त पहारा मिळाला. चमचा खाली पडला आणि मी वाकले, तर आतून आवाज, "वाकू नको." मला पायमोजे घालता येत नव्हते, ते तीच घालायची. थोरल्या जावेनं धाकटीच्या पायाशी बसायचं, मला लाज वाटायची. ती म्हणायची, "पाय हलवू नको, बाकी लाज तुझ्यापाशी ठेव."

एका दिवशी माझी डावी पोटरी सुजली. गरम लागत होती. घरी जाताना डॉक्टरांनी बजावलं होतं: पोटरी सुजली, दुखली, दम लागला तर वाट बघायची नाही. डीव्हीटी म्हणजे पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती फुप्फुसात गेली तर जिवाला धोका. त्यासाठीच रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या. गणेश गाडी घेऊन आला. जालना रोडवर ट्रकांची रांग होती.

डॉपलर म्हणजे शिरेची सोनोग्राफी. त्या खोलीबाहेर आमच्याआधी बरीच माणसं होती. मी चाकाच्या खुर्चीत, अक्का बाकावर. इतकं सगळं झालं आणि आता हे. नातवंडाचं तोंड बघायचं राहिलं, असं मनात आलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

अक्कानं माझा हात धरला. मग समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाली, "दोन सालं बघत व्हते मी. माझ्या दारातून. तू शेळ्या घेऊन जायची, लंगडत. आधी थोडी, मग लई. रोज वाटायचं, जावं, इचारावं, काय झालंय पायाला."

"मग आली का नाहीस?"

"तू कोंबडीशी बोलायची. मला वाटलं, कोंबडीपरीस माझा नंबर मागं."

मी रडता रडता हसले. तिथल्या लोकांनी वळून बघितलं. तेवढ्यात आमचा नंबर आला.

गुठळी नव्हती. शिरा मोकळ्या होत्या. ऑपरेशननंतर पायाला अशी सूज येते, दिवसभर खुर्चीत पाय लोंबकळत ठेवल्यानं वाढते, असं डॉक्टर म्हणाले. पाय उंच ठेवा, पंजा वर-खाली हलवत राहा. "पण आलात ते बरोबर केलंत. नसलेल्या गुठळीसाठी दहादा आलात तरी चालेल." आम्ही येताना रस्त्यात गाडी थांबवून उसाचा रस प्यालो. अक्का दोन ग्लास प्यायली.

टाके निघाले. वॉकर गेला, काठी आली. प्रियांकाला मुलगी झाली. बाळाला घेऊन ती पहिल्यांदा शेतात आली तेव्हा मी उंच खुर्चीत बसून नातीला मांडीवर घेतलं. मांडी घालून नाही, पण मांडीवरच. बाळाला फरक कळला नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं. मी खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेले. त्यांनी नवा एक्स-रे दाखवला. खुब्यात पांढराशुभ्र दांडा आणि गोळा, बाहेरगावच्या पाहुण्यासारखा, सगळ्यांपेक्षा उजळ.

"दुखतंय का?"

"नाही."

"झोप?"

"लागते."

"आता घरात काठी नको. बाहेर थोडे दिवस ठेवा, लोक धक्का देणार नाहीत."

आता घरी कमोड बसवला आहे, मी माझ्या घरी परतले आहे. पण धारेचा प्रश्न राहिला होता. उकिडवं बसायचं नाही म्हणजे शेळ्या विकायच्या, असं मी धरून चालले होते. रोज त्यांच्याकडं बघताना मन बारीक व्हायचं. एका सकाळी यजमान आणि पुतण्या गोठ्यात विटा-सिमेंट घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत कंबरेएवढा ओटा तयार झाला, चढायला एका बाजूनं उतार, वर दावं बांधायला कडी. शेळीनं वर उभं राहायचं, मी बाजूला उंच स्टुलावर बसायचं.

"बघू काहीतरी म्हणालो होतो ना," यजमान म्हणाले.

ओटा वाळल्यावर पहिल्या दिवशी चंद्री वर जाईना. ओढली, तर चारही पाय रोवून उभी. मग पेंडीचं टोपलं वर ठेवलं आणि ती चढली. तिला वर बघून मोरी चढली, मग बांडीही. आता सगळ्यांना आधी चढायचं असतं. मी पाठ ताठ ठेवून, दोन्ही पाय जमिनीवर टेकून धार काढते. पन्नाशी उलटल्यावर मला असं सिंहासन मिळेल असं वाटलं नव्हतं.

तुमच्यापैकी कुणाला हे ऑपरेशन सांगितलं असेल तर घाबरून वर्षं घालवू नका. प्रश्न विचारा. घरात कमोड, उंच खाट, धरायला काहीतरी, हे आधी बघून ठेवा. व्यायाम कंटाळा आला तरी करा. आणि सोबतीला कोण येणार हे आधीच ठरवू नका. माझ्याकडं जी आली, तिचं नाव माझ्या मनातसुद्धा नव्हतं. डॉक्टरांची, निलोफरची, जालन्याच्या त्या सिस्टरची मी ऋणी आहे. अक्काचे आभार मानायला गेले तर ती उठून आत गेली आणि तिथून म्हणाली, "चहा घेतीस का?"

बोअरच्या पाळीत कोण बरोबर होतं, ते अजून ठरलेलं नाही. विषय निघाला की आम्ही दोघी जोरात बोलतो. पण बोलतो.

काल संध्याकाळी मी धार काढत होते. अक्का समोर तिच्या दारात उकिडवी बसून तिच्या शेळीशी झटत होती. गुडघ्यावर हात ठेवून ती उठली, कंबर धरली, माझ्याकडं बघत उभी राहिली.

"थोरली खाली आन धाकटी वर," ती म्हणाली. "असलं कुठं असतं व्हय?"

"मग ये की," मी म्हणाले.

तिनं शेळीचं दावं सोडून हातात घेतलं, रिकामी चरवी काखेला मारली आणि अंगण ओलांडून आली. मी बांडीला खाली उतरवलं आणि स्टुलावरून उठून तिला जागा दिली.